दुधनीच्या घरातली पिक्चर ट्यूब

सोलापुरात टीव्ही दिसायला लागला त्याच्या बऱ्याच आधीपासून माझ्या यजमानांना टीव्ही दुरुस्त करता येत होता. लग्नाआधी ते मुंबईत एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काम करत होते. सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्यांना परत यावं लागलं आणि मग ते इथलेच झाले. एका शिंप्याच्या दुकानाला लागून आठ फुटांची खोली होती, तेच यांचं दुकान. कुणाचा रेडिओ, कुणाचा टेपरेकॉर्डर, लग्नसराईत मांडववाल्यांचे अँप्लिफायर यांवर ते चालायचं. टीव्ही मात्र एकही यायचा नाही, कारण शहरात टीव्हीच नव्हते. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची सवय होती. रद्दीवाल्याकडून आणलेली रेडिओची इंग्रजी मासिकं हे माझ्यापुढं ठेवायचे आणि मी शब्दकोश घेऊन त्यांना ती वाचून दाखवायची. एवढं कशासाठी वाचायचं, असं मी एकदोनदा विचारलं. येईल की एक दिवस, म्हणायचे.

सत्त्याहत्तरच्या सुमाराला गुलबर्ग्याला टीव्हीचं केंद्र निघालं. कार्यक्रम सगळे कानडी, तेही संध्याकाळी थोडाच वेळ. सोलापूरपर्यंत ते पोचत नव्हतं. पण अक्कलकोटच्या पुढं, दुधनीकडं, घरावर उंच लोखंडी पाइप उभा करून त्याला अँटेना बांधली की चित्र यायचं. तिकडच्याच एका शेतकऱ्यानं यांचा पत्ता काढला. साठीचे गृहस्थ, पांढरं धोतर, हातात पिशवी. चैत्र संपत आला होता आणि ते स्टेशनपासून उन्हातून चालत आले होते. टीव्ही बरोबर आणलेला नव्हता. तो हलवता येण्यासारखा नव्हता, आणि हलवला तर बायको घाबरते, म्हणाले.

"चित्र हाय बगा मिस्त्री," ते म्हणाले, "पर उजेड न्हाई."

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. बायको चार वर्षांपासून अंथरुणावर होती. उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं अडखळतं, पण डोकं शाबूत. दिवसभर आढ्याकडं बघत पडायची. मुंबईला भाचा होता, त्यानं नवा टीव्ही घेतला तेव्हा जुना यांना दिला. तो परदेशी बनावटीचा, मोठा, लाकडी पेटीतला. पहिले काही महिने बरा दिसला, मग चित्र मावळत गेलं. आता कार्यक्रम सुरू होताना ऊन कलतं असलं तरी खोलीची एकुलती एक खिडकी लावून घ्यावी लागायची, वरून घोंगडी टाकायची, दाराच्या फटीत चिंधी कोंबायची, तेव्हा कुठं माणसं ओळखू यायची. त्या दिवसांत त्या खोलीत काय होत असेल हे सोलापूरकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बायको घामानं थबथबते, म्हणाले, पण टीव्ही बंद करू देत नाही.

रविवारी आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरनं दुधनीला गेलो. मी येण्याचं कारण असं की आजारी बाईच्या खोलीत तासन्‌तास परका पुरुष काम करत बसणार, तर कुणी बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. शिवाय माझं माहेर अक्कलकोटजवळचं. कानडी मला घरच्यासारखी येते. यांना तिचं अक्षरही येत नव्हतं.

खोली मागच्या बाजूला होती. खाटेवर बाई टेकून बसवल्या होत्या, उजवा हात उशीवर ठेवलेला. मी कानडीत बोलायला लागल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. मी त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हटलं. यांनी टीव्हीची पाठ काढली आणि मला आत बघायला बोलावलं. मोठ्या काचेच्या भोपळ्यासारखी ती ट्यूब, तिची मान मागं निमुळती होत आलेली, आणि मानेच्या आत एक बारीक तांबूस ठिणगी. ती तार तापते, म्हणाले, आणि तिच्या पुढच्या टोपणाला जो लेप असतो त्यातून चित्राचा उजेड निघतो. तो लेप आता संपत आलाय. बाकी सगळा सेट ठणठणीत होता. नवी ट्यूब घालणं हाच खरा उपाय. पण तसली ट्यूब मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी मुंबईच्या जुन्या उस्तादांना पत्र टाकलं. तसल्या ट्यूब आता येत नाहीत, असं उत्तर आठ दिवसांत आलं.

त्या पहिल्या रविवारी हे तारा मोजत असताना अव्वा माझ्याशी बोलत होत्या. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, मी वाट बघायची. त्यांना एक धाकटी बहीण होती. दुष्काळाच्या वर्षी ती आणि तिचा नवरा खडी फोडायच्या कामावर गेले. आधी जवळच होते. मग तिथलं काम संपलं आणि मुकादमानं सगळ्यांना ट्रकमध्ये घालून दुसरीकडं नेलं. कुठं नेलं ते कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून पत्ता नाही. अव्वांचे यजमान प्रत्येक बाजाराला गुलबर्ग्याकडच्या मजुरांच्या टोळ्यांत चौकशी करत फिरायचे. सहा वर्षं झाली होती.

आणि माघात अव्वांना ती बहीण टीव्हीत दिसली होती.

विहिरीचं पाणी स्वच्छ कसं ठेवावं असा काही कार्यक्रम होता. विहिरीवर बायका रांगेनं पाणी शेंदत होत्या. शेवटची बाई डावा हात पुढं टाकून दोर ओढत होती. बहीण डावखुरी होती, आणि दोर ओढताना मान अशीच वाकडी करायची. पण चित्र इतकं काळं होतं की तोंड दिसलं नाही. अव्वांनी नवऱ्याला हाक मारेपर्यंत दुसरं काही सुरू झालं. कार्यक्रम पुन्हा दाखवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. तेवढ्यासाठी त्या रोज संध्याकाळी ती खिडकी लावून घ्यायच्या.

काका, म्हणजे अव्वांचे यजमान, दाराशी उभे होते. नंतर अंगणात ते यांना म्हणाले, तिला सगळ्याच बायकांत बहीण दिसते. पण हे सांगताना त्यांचा सूर ठाम नव्हता.

मुंबईचं उत्तर आल्यानंतरच्या रविवारी हे एक छोटा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून घेऊन गेले. ट्यूबच्या तारेला सव्वासहा व्होल्ट लागतात, त्याऐवजी हा आठ द्यायचा. तार जास्त तापली की उरलेला लेप थोडा जोर करतो. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा काकांनी सवयीनं घोंगडी उचलली, तर यजमान म्हणाले, राहू द्या, खिडकी उघडा. खिडकी उघडी ठेवून चित्र दिसलं. बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या रेघा मोजता येत होत्या. काकांनी त्याच वेळी शेजारच्यांना बोलावून आणलं. अव्वांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते आम्ही निघेपर्यंत सोडलं नाही.

परत येताना गाडीत यांनी मला सांगितलं, की हे फार दिवसांचं नाही. उरलेलं आहे ते लवकर वापरून टाकायचं, इतकंच आपण केलंय.

झालंही तसंच. पाऊसपाणी झालं, गौरी-गणपती झाले, आणि भाद्रपद सरता सरता काका पुन्हा दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. घोंगडी पुन्हा लावावी लागत होती. आता तर माणसांच्या जागी नुसते पांढुरके डाग हलत होते. आणि विहिरीचा तो कार्यक्रम एवढ्या दिवसांत एकदाही लागला नव्हता.

यानंतर जे झालं त्यात माझा वाटा आहे, म्हणून ते जरा नीट सांगते.

त्या इंग्रजी मासिकांपैकी एकात अशा मेलेल्या ट्यूबवर करायचा एक जालीम उपाय दिला होता. तो मीच यांना वाचून दाखवला होता. मिनिटभर तारेला जवळजवळ दुप्पट व्होल्ट द्यायचे आणि त्याच वेळी पुढच्या जाळीला उलटा विजेचा दाब देऊन त्या लेपावरची मेलेली कातडी जाळून काढायची. खालचा ताजा थर उघडा पडला तर ट्यूब पुन्हा नव्यासारखी उजळते. नाही पडला तर ती तिथंच संपते. लेखकानं शेवटी लिहिलं होतं की दुसरं काहीच उरलं नसेल तरच हे करावं.

यांना ते करायचं नव्हतं. चार दिवस मी रोज विषय काढत होते. आत्ता निदान डाग दिसतात, असं त्यांचं म्हणणं. ट्यूब गेली तर नुसता आवाज राहील, आणि त्या बाईनं मग काय करायचं. मुंबईत त्यांच्या उस्तादांनी हा उपाय दोनदा केला होता, एकदा ट्यूब जागच्या जागी फुकट गेली होती.

"ती अशीही चाललीच आहे," मी म्हणाले. "त्यांना एकदा तरी नीट दिसू दे."

"तुला माहीत आहे त्यात काय लिहिलंय. तूच वाचलंस ना?"

"म्हणूनच सांगतेय."

शनिवारी रात्री त्यांनी पिशवी भरलेली दिसली. काकांना त्यांनी धोका समजावून सांगितला तेव्हा काका म्हणाले, "तुमी म्हनाल तसं." अव्वांना आम्ही विचारलं नाही. मला कानडी येत होती, मी त्यांच्या खाटेपाशीच बसले होते, पण विचारायचं माझ्या मनातच आलं नाही.

दसऱ्याआधीचा तो रविवार. यांनी ट्यूबच्या मानेवरचं सॉकेट उपटून या उपायासाठी घरी स्वतः जुळवलेल्या पेटीच्या तारा लावल्या. मध्ये शिवणयंत्राचा एक छोटा दिवा होता. ट्यूबमधून वीज किती ओढली जातेय ते त्या दिव्यावरून कळणार होतं. बटण दाबल्यावर मानेतली तांबूस ठिणगी पिवळी झाली, मग पांढरी. दिवा लागलाच नाही. हे ओठ घट्ट मिटून बघत होते. मग आत एक निळी चमक झाली, चर्र असा आवाज आला, दिवा लुकलुकला, आणि हळूहळू पेटत जाऊन स्थिर झाला. यांनी घाईनं बटण बंद केलं. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

संध्याकाळी चित्र आलं. मी पुढं आयुष्यात खूप टीव्ही पाहिले, पण तसा उजेड फार थोड्या ठिकाणी पाहिला. अख्खी खोली निळसर पांढरी झाली. आढ्याचे वासे दिसायला लागले. काकांनी हात जोडले, ते यांना की टीव्हीला ते कळलं नाही. आणि माझे यजमान, जे सहसा स्वतःच्या कामाबद्दल बोलत नाहीत, ते मला दोनदा म्हणाले, बघ, बघ.

दिवाळीनंतर ट्यूब कशी चाललीय ते पाहायला आम्ही पुन्हा गेलो. ट्यूब उत्तम होती. अव्वांच्या खाटेजवळ मी बसले, हे आणि काका मागं बाकावर. पहिल्यांदा गाणं झालं, मग खतांविषयी काही. त्यानंतर एक विहीर दिसली.

मी अव्वांकडं पाहिलं. त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर रोवून अंग पुढं ओढलं होतं. बायका एकामागून एक पाणी शेंदत होत्या. पडद्यावर ऊन असल्यासारखा उजेड होता. शेवटची बाई आली. डावा हात पुढं, मान थोडी वाकडी. दोर ओढता ओढता तिनं आमच्याकडं पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्याकडं, आणि हसली. मग पदर तोंडावर घेतला. एवढंच.

कार्यक्रमातला माणूस विहिरीत कोणती पावडर किती टाकायची ते सांगत होता. मग त्या माझ्याकडं न बघता अगदी स्पष्ट म्हणाल्या, "अकी अल्ल."

ती नाही.

चार वर्षांत त्यांच्या तोंडून इतके नीट शब्द क्वचितच निघाले असतील. बाकावर काकांनी मान खाली घातली. त्यांनीही ऐकलं होतं. माझ्या यजमानांना फक्त अव्वा काहीतरी बोलल्या एवढं समजलं. विहिरीकडं त्यांचं लक्षच नव्हतं, ते नुसता चित्राचा उजेड बघत होते आणि त्यांचा चेहरा त्यात उजळला होता. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, छान दिसतंय," मी सांगितलं.

काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते चहाचे कप गोळा करायला उठले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये हे पुष्कळ बोलत होते. दुकानावर टीव्ही दुरुस्तीची पाटी लावावी का, अशा पेट्या आणखी दोन जोडून ठेवाव्यात का. मी हो हो करत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचा आनंद घालवायचा नव्हता, आणि तेवढंच कारण होतं असंही नाही. ट्यूब उजळायचा हट्ट माझा होता. तो नसता तर अव्वा अजून अंधारात त्या डागांमध्ये बहिणीला शोधत बसल्या असत्या, घामाघूम झाल्या असत्या, पण शोधत असत्या. हे मला तेव्हाच गाडीत बसल्या बसल्या कळलं होतं. कुणाजवळ बोलायची हिंमत झाली नाही.

मकरसंक्रांतीच्या आसपास काका सोलापूरच्या बाजारात आले होते, ते दुकानात डोकावले. टीव्ही कसा आहे विचारल्यावर म्हणाले, चांगला हाय की. हे कुठं तरी बाहेर गेल्यावर मला त्यांनी कानडीत सांगितलं, की त्या दिवसापासून टीव्ही लावलेलाच नाही. लावू का म्हटलं की ती भिंतीकडं तोंड करते. जेवणही कमी झालंय.

त्यानंतरच्या आषाढात त्यांचं कार्ड आलं. अव्वा गेल्या होत्या.

कार्ड यांनीच वाचलं, आणि वाईट वाटलं म्हणून दुकान लवकर बंद करून घरी आले. जेवताना ते म्हणाले, निदान शेवटचे काही महिने तरी त्यांना नीट बघायला मिळालं. तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते, मी खोटं काय सांगितलं ते, काकांनी संक्रांतीला सांगितलेलंही.

मला वाटलं होतं ते रागावतील. ते ताटावरून उठले नाहीत, पण त्यांचा घासही पुढं गेला नाही. मग त्यांनी विचारलं, "चेहरा नीट दिसला होता का त्यांना?"

"अगदी स्वच्छ. मीही पाहिला."

"तू त्यांच्या बहिणीला कधी पाहिलं होतंस?"

"नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "ट्यूब अशी जाळून उजळली की उजेड फार होतो," ते म्हणाले. "उन्हातलं चित्र असेल तर उजेडाची जागा पसरते. गाल फुगतात, नाकाडोळ्यांच्या कडा पुसल्या जातात. ओळखीचं माणूसही वेगळं दिसू शकतं. मी तेव्हा कॉन्ट्रास्ट कमी करायला हवा होता. चित्र इतकं आलंय म्हणून मी हातच लावला नाही."

"म्हणजे ती असू शकेल?"

"मला काय माहीत? पण नव्हती असं त्या पडद्यावरून कुणी ठरवू नये."

पुढं कित्येक दिवस ते दुकानात नुसते बसून असायचे. पाटी रंगवायला दिली होती, ती त्यांनी आणली नाही.

भेटायला म्हणून आम्ही दुधनीला गेलो. हे काकांना सगळं सांगायचं ठरवून निघाले होते. कॉन्ट्रास्टचं, कडा पुसल्या जाण्याचं. खाट उभी करून भिंतीला लावली होती. टीव्ही शेजारच्या एका कुटुंबाला दिला होता, आणि त्यांच्याकडं जाऊन पंधरवड्यात ट्यूब गेली, असं काकांनी सहज सांगितलं. यजमानांनी मान हलवली. मग काका बोलत राहिले. मरणाच्या महिनाभर आधी तिनं माझ्याकडून एक कबूल करून घेतलं, म्हणाले. आता बाजारात कुणाला विचारत फिरू नका. ती काही आता मिळायची नाही. तुमचे पाय दुखतात.

"मग न्हाई गेलो पुन्हा," काका म्हणाले. "ती न्हवं ते तिनं डोळ्यानं बघितलं, आता कशाला?"

मी यांच्याकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. काकांना त्या वयात पुन्हा बाजार-बाजार फिरायला लावायचं, आणि ते कशाच्या भरवशावर, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. आणि न सांगणंही बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

घरी आल्यावर मी गुलबर्ग्याच्या केंद्राला कानडीत पत्र लिहिलं. विहिरीचा तो कार्यक्रम कोणत्या गावात काढला होता, एवढंच विचारलं होतं. माहेर सुटल्यापासून मी कानडी लिहिली नव्हती, अक्षरं वेडीवाकडी आली. उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक पत्र टाकलं, त्याचंही आलं नाही. दुधनीला आमचं परत जाणं झालं नाही.